मुळातलं सिमेंट किती चिकटतं? रूट कॅनालच्या भरावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रूट कॅनाल झालेले पेशंट, इंटर्नशिप करणारी मुलं आणि गावोगावी दवाखाना चालवणारे डॉक्टर मित्र यांच्याकडून मला तेच ते प्रश्न सारखे येतात. ते इथे एका ठिकाणी केलेत. आधी पेशंटचे आहेत, पुढे दंतवैद्यांचे येतात, पण काटेकोर वाटणी केलेली नाही. एका उत्तरात जे सांगून झालंय ते पुन्हा उगाळलेलं नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. रूट कॅनाल करताना मुळात नेमकं काय भरतात? सिमेंटच ना?

सिमेंट असतं, पण थोडंसं. मुख्य भराव गट्टापर्चाचा. एक्स-रेमध्ये मुळात जी पांढरी रेघ दिसते ती तीच. हातात घेतली तर गुलाबी किंवा नारिंगी, टोकाकडे निमुळती होत गेलेली बारीक काडी.

गट्टापर्चा म्हणजे मलायाकडच्या एका झाडाचा चीक. रबराचा हा चुलतभाऊ. दोघांच्या रेणूंच्या माळेतला मणी एकच, आयसोप्रीन, फक्त ओवण्याची तऱ्हा वेगळी. म्हणून रबर ताणलं जातं आणि गट्टापर्चा कडक राहतो, ऊब दिली की मऊ पडतो. १९ व्या शतकात समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या तारांवर याचंच वेष्टण असायचं. १८६७ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईच्या बोमन नावाच्या दंतवैद्यांनी दाताच्या मुळात तो भरल्याचं दंतवैद्यांच्या सभेत सांगितलं, तेव्हापासून तो जो आत शिरला तो अजून निघालेला नाही. मात्र आजच्या काडीत खरा गट्टापर्चा जेमतेम पाचवा हिस्सा असतो. उरलेलं बहुतेक झिंक ऑक्साइड, एक्स-रेत उठून दिसावं म्हणून बेरियमचा क्षार, आणि थोडं मेण.

काडी आणि मुळाची भिंत यांच्यात जी फट राहते ती बुजवणारं पातळ सिमेंट म्हणजे सीलर. चिकटण्याचा सगळा वाद या सीलरभोवती आहे.

२. मग ते आत चिकटलेलं असतं की नुसतंच कोंबलेलं?

गट्टापर्चा दाताला अजिबात चिकटत नाही. कोरड्या बाटलीत मेणबत्ती घातल्यासारखा तो आत असतो. सीलर मात्र कमीअधिक चिकटतो आणि ते त्याच्या घराण्यावर अवलंबून आहे. झिंक ऑक्साइड आणि लवंगेच्या तेलातलं युजेनॉल यांचा जुना सीलर भिंतीशी फारसा रासायनिक संबंध जोडत नाही, खाचाखोचांत अडकून बसतो इतकंच. सिलिकोनचा सीलर चिकटतच नाही, जराशी फुगण्याची त्याची सवय आहे आणि तेवढ्यावर तो फट दाबून धरतो. इपॉक्सी रेझिनचा सीलर खऱ्या अर्थाने पकड घेतो (प्रश्न ५), तर कॅल्शियम सिलिकेटचा, म्हणजे हल्लीचा 'बायोसिरॅमिक', वेगळ्याच वाटेने जातो (प्रश्न ८).

'डॉक्टर, नीट चिकटवा हं, पुन्हा निघायला नको,' असं पेशंट सांगतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा वरची कॅप असते. मुळातला भराव आपोआप निघून पडत नाही. तो निकामी होतो तो कडेने जंतू झिरपल्यामुळे.

३. वरच्या फिलिंगला डॉक्टर 'हे दाताशी एकजीव होतं' म्हणाले. तेच मटेरियल मुळात का नाही भरत? दात तर तोच!

दात तोच, पण जागा निराळी. दाढेवरचा खड्डा म्हणजे अंगणातला हौद: दिसतो, धुता येतो, वाळवता येतो, निळा लाइट थेट पडतो. मुळातला कालवा म्हणजे बोअरवेल. साधारण २० मिलिमीटर खोल, तळाशी पाव-अर्धा मिलिमीटर रुंद, वाकडा, आणि आतला अंधार कुठल्याही लाइटने हटत नाही.

खरी अडचण आक्रसण्याची आहे. वरच्या फिलिंगचं मटेरियल म्हणजे रेझिन, आणि रेझिन घट्ट होताना आकसतं. खड्ड्याच्या काही बाजू मोकळ्या असल्या तर तिथलं मटेरियल थोडं सरकून तो ताण सोसतं. मुळात सगळीकडे भिंतच, मोकळी जागा फक्त वरचं तोंड. चिकटलेल्या पृष्ठभागाला मोकळ्या पृष्ठभागाने भागलं की जो आकडा येतो त्याला सी-फॅक्टर म्हणतात. वरच्या साध्या खड्ड्यात तो फार तर ५ असतो. मुळात सीलरच्या पातळ थरासाठी तोच शेकड्यांत, कधी हजारांत जातो. इतक्या ताणापुढे रेझिन भिंतीपासून सुटतं, कुठेतरी तरी सुटतंच.

शिवाय भिंतही सगळीकडे सारखी नाही. ती डेंटिनची, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराची. डेंटिनमध्ये सूक्ष्म नळ्या असतात, त्यांत रेझिन शिरून मुळं धरतं. दाताच्या वरच्या भागात या नळ्या दाट, टोकाकडे विरळ, आणि वय वाढलं की टोकाकडच्या बऱ्याच बुजलेल्या. म्हणजे जिथे जंतू अडवायची सगळ्यात जास्त गरज, तिथेच पकडायला सगळ्यात कमी आधार.

४. 'बाँड स्ट्रेंथ' (पकडीची ताकद) इतकी मेगापास्कल असं कंपनीच्या पत्रकात असतं. मुळाच्या आत हे मोजतात कसं?

पुश-आउट नावाची चाचणी करतात. मी एमडीएसला (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाला) असताना अशा तुकड्यांनी महिने खाल्लेत, म्हणून सविस्तर सांगते.

वेड्यावाकड्या दातांच्या ट्रीटमेंटसाठी काढलेल्या उपदाढा जमवायच्या. वरचा भाग कापून मुळं सारख्या लांबीची करायची, रीतसर रूट कॅनाल करायचं, भरायचं आणि सीलर पूर्ण घट्ट होईपर्यंत शरीराच्या तापमानाला, दमट ठेवायचं. मग मूळ अॅक्रिलिकच्या ठोकळ्यात रोवून हिऱ्याच्या पात्याच्या संथ करवतीने आडवे काप. पातं पाण्यात फिरतं, कारण डेंटिन तापलं तर सगळं वाया. एकेक चकती सुमारे १ मिलिमीटर जाड. मधोमध गुलाबी ठिपका, भोवती पिवळट डेंटिन, अगदी रंगीत बटण.

ही बटणं पाण्याच्या डबीत घालून मी एसटीने एका इंजिनिअरिंग कॉलेजात न्यायचे, कारण असलं यंत्र दंत महाविद्यालयात क्वचितच असतं. तिथे लोखंडाच्या सळया ओढून तोडण्याचं काम चालायचं. माझं बटण एका भोकावर ठेवून टेक्निशियन वरून बारीक दांडी मिनिटाला अर्धा मिलिमीटर या वेगाने खाली आणायचा. टोकाकडची बाजू वर ठेवायची, म्हणजे भराव रुंद तोंडाकडे ढकलला जातो. भराव सुटला की पडद्यावरची रेघ एकदम कोसळते. त्या क्षणीचं बळ भागिले चिकटलेलं क्षेत्रफळ, म्हणजे मेगापास्कल.

हिशेब करूनच बघा. चकतीत कालव्याचा व्यास वर १.२ आणि खाली १ मिलिमीटर असेल, तर चिकटलेली भिंत होते सुमारे ३.५ चौरस मिलिमीटर. १० न्यूटनला भराव सुटला तर आकडा येतो जवळजवळ २.९ मेगापास्कल. आणि १० न्यूटन म्हणजे किती? किलोभर साखरेच्या पुड्याचं वजन. पत्रकात भारदस्त वाटणारा आकडा प्रत्यक्षात एवढासा असतो.

५. सगळ्यात जास्त पकड कुठल्या सीलरची?

पुश-आउटच्या स्पर्धेत इपॉक्सी रेझिनचे सीलर वर्षानुवर्षं पहिल्या रांगेत आहेत. स्वित्झर्लंडमध्ये आंद्रे श्रोडर यांनी १९५० च्या दशकात पुढे आणलेला एएच २६ हा त्यांचा मूळपुरुष. घट्ट होताना तो थोडं फॉर्मल्डिहाइड सोडायचा. ती खोड काढून एएच प्लस आला आणि आज कुठल्याही नव्या सीलरची तुलना त्याच्याशीच होते.

तो का धरतो याचं प्रचलित स्पष्टीकरण असं की इपॉक्सीचं उघडलेलं कडं डेंटिनमधल्या कोलॅजन या प्रथिनाच्या अमिनो टोकांशी जोडलं जातं. मला त्याचा दुसरा गुण जास्त आवडतो: तो घाई करत नाही. घट्ट व्हायला सुमारे ८ तास घेतो, तोवर वाहत राहतो, बारीक फाट्यांत शिरतो आणि आकसण्याचा ताण हळूहळू सोडतो. प्रश्न ३ मधल्या सी-फॅक्टरच्या कचाट्यात हा संथपणा कामी येतो.

आकडे मात्र प्रयोगागणिक बदलतात. मुळाच्या आत साधारण एक-दोन ते चार-पाच मेगापास्कल मिळतात, तर दाताच्या वरच्या भागात चांगलं बाँडिंग २०-३० मेगापास्कलला सहज पोचतं. दोन वेगळ्या प्रयोगांतले आकडे शेजारी मांडून 'हा सीलर दुप्पट चांगला' म्हणणं म्हणजे दोन गावांच्या वेगवेगळ्या तराजूंवर तोललेल्या कांद्याची तुलना.

६. म्हणजे जास्त मेगापास्कल असलेला सीलर घेतला तर दात जास्त वर्षं टिकणार?

नाही. ही समजूत मी दवाखान्यात, कॉन्फरन्समध्ये आणि कंपनीच्या प्रतिनिधींच्या तोंडून इतकी ऐकली आहे की उत्तर जरा लांबेल.

मुळातल्या भरावाला कोणी ढकलून काढत नाही. चावताना बळ दातावर येतं, गट्टापर्चाच्या ठिपक्यावर नाही. त्यामुळे पुश-आउटमध्ये मोजलेलं बळ तोंडात त्या रूपात कधी येतच नाही. पकड चांगली असण्याचे फायदे आहेत: नंतर पोस्टसाठी, म्हणजे कॅपला आधार म्हणून मुळात बसवायच्या खुंटीसाठी, वरचा भराव काढताना खालचा हलू नये, भिंतीलगत फट पडू नये. पण पुश-आउटचा आकडा वाढला म्हणून मुळाच्या टोकाचा आजार जास्त वेळा बरा झाला, असा संबंध सिद्ध झालेला नाही.

सीलरसाठी जो आंतरराष्ट्रीय मानक दस्तऐवज आहे, आयएसओ ६८७६, त्यात काय मागितलंय बघा. सीलर किती पसरतो, थर किती पातळ होतो (५० मायक्रोमीटरच्या आत हवा), किती विरघळतो (३ टक्क्यांपेक्षा जास्त नको), एक्स-रेत दिसतो का. बाँड स्ट्रेंथची अटच नाही. हे मला फार बोलकं वाटतं.

दात कशाने टिकतो? आतले जंतू किती कमी झाले, भराव मुळाच्या टोकापासून २ मिलिमीटरच्या आत आणि पोकळ्या न ठेवता पोचला का, आणि वरचं झाकण (फिलिंग किंवा कॅप) घट्ट आहे का. झाकणाचं प्रश्न १३ मध्ये.

७. 'मोनोब्लॉक' काय प्रकार होता? आमच्या जुन्या नोट्समध्ये आहे, आता कोणी बोलत नाही.

२००४ च्या सुमारास रेसिलॉन नावाची नवी काडी आली. दिसायला गट्टापर्चासारखीच, पण पॉलिकॅप्रोलॅक्टोन या प्लॅस्टिकची. कल्पना झकास होती: काडी सीलरला चिकटणार, मेथॅक्रिलेट रेझिनचा सीलर भिंतीला चिकटणार, आणि काडी-सीलर-मूळ मिळून एकसंध ठोकळा, म्हणजेच 'मोनोब्लॉक', होणार. दात मजबूतही होईल असे सुरुवातीचे निष्कर्ष आले. त्या काळात गट्टापर्चा म्हणजे बैलगाडी आणि ही मोटार, असा सूर होता.

मग एकेक खिळा निखळू लागला. वर्षभरातच पुश-आउटमध्ये जुनी जोडी, गट्टापर्चा आणि इपॉक्सी सीलर, रेसिलॉनपेक्षा जास्त पकड दाखवते असं प्रसिद्ध झालं. म्हणजे जिला 'न चिकटणारी' म्हणून हिणवलं तीच पुढे! कारण तेच, प्रश्न ३ मधलं आक्रसणं. दुसरं जास्त गंभीर निघालं: हे प्लॅस्टिक एन्झाइमच्या संपर्कात विघटित होतं. शरीरात विरघळणाऱ्या टाक्यांच्या घराण्यातलंच ते, तेव्हा आश्चर्य नको. पुढे दीर्घ काळ पाठपुरावा केलेल्या पेशंटमध्ये रेसिलॉन भरलेले दात गट्टापर्चाच्या तुलनेत जास्त प्रमाणात अपयशी ठरल्याचं दिसलं आणि माल बाजारातून गेला.

तुमचा रूट कॅनाल त्या काळातला असेल तर घाबरून दात उघडायला जाऊ नका. एक्स-रे काढा. टोकाशी काळी सावली नसेल आणि दुखत नसेल तर वर्षातून एकदा बघणं पुरे.

८. डॉक्टर म्हणाले बायोसिरॅमिक सीलर वापरतो, थोडे जास्त पैसे पडतील. घ्यावं का? ते खरंच हाडासारखं जुळतं?

सीलरच्या एका दाताला लागणाऱ्या थेंबाच्या किमतीत फरक पडतो, त्यामुळे पैसे थोडे जास्त मागितले तर फसवणूक समजू नका. पण दुप्पट बिलाचं कारण म्हणून कोणी बायोसिरॅमिक सांगत असेल तर विचारा.

हे सीलर बांधकामाच्या सिमेंटच्या रसायनशास्त्रावर उभे आहेत: ट्रायकॅल्शियम सिलिकेट, जे पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. मुळात पाणी कुठून येतं? डेंटिनच्या नळ्यांतून. म्हणून कालवा अगदी ठणठणीत वाळवायचा नाही, कागदी काडीने टिपून किंचित दमट ठेवायचा. घट्ट होताना ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड सोडतं, भोवताल खूप अल्कली होतो, आणि शरीरातल्या फॉस्फेटशी मिळून भिंतीलगत अॅपटाइटसारखा, म्हणजे हाडातल्या खनिजासारखा, थर बसतो. 'हाडासारखं जुळतं' या जाहिरातीच्या वाक्याच्या मागे एवढं तथ्य आहे.

पकडीच्या आकड्यांत मात्र ते इपॉक्सीवर सातत्याने मात करत नाहीत. काही प्रयोगांत बरोबरी, काहींत मागे. विरघळण्याचं प्रमाणही बऱ्याच चाचण्यांत जास्त दिसतं. फायदा हाताळणीत आहे: एक नीट बसणारी काडी, सीलर भरपूर, काम सुटसुटीत. मी स्वतः दोन्ही वापरते. वाकड्या, अरुंद मुळात बायोसिरॅमिक, आणि जिथे नंतर पोस्ट घालायचा नक्की असेल तिथे इपॉक्सी. ही माझी सवय आहे, नियम नव्हे.

९. हायपोक्लोराइटने धुतलं की बाँडिंग बिघडतं असं वाचलं. मग धुवायचंच नाही का?

धुवायचंच. हायपोक्लोराइट हे कालव्यातले जंतू मारणारं द्रावण, त्याच्याशिवाय रूट कॅनाल म्हणजे साबणाशिवाय अंघोळ. फक्त शेवट कशाने करता ते महत्त्वाचं.

फाइल, म्हणजे कालवा खरवडायची बारीक सुई, फिरवली की भिंतीवर भुशाचा चिकट लेप बसतो, त्याला स्मिअर लेअर म्हणतात. तो तसाच राहिला तर सीलर भिंतीला चिकटण्याऐवजी भुशाला चिकटतो. लादी बसवण्याआधी गवंडी जमीन झाडून घेतो ना, तेच. १७ टक्के ईडीटीए (खनिज विरघळवणारं द्रावण) सुमारे मिनिटभर ठेवलं की लेपाचा खनिज भाग निघतो, हायपोक्लोराइट सेंद्रिय भाग काढतं. जास्त वेळ ईडीटीए ठेवून मात्र भिंत पोखरू नका.

मेथॅक्रिलेट रेझिन वापरणार असाल, म्हणजे मुख्यतः फायबर पोस्टच्या वेळी, तर हायपोक्लोराइट शेवटी नको. ते ऑक्सिडायझर आहे, डेंटिनमध्ये उरलेला ऑक्सिजन रेझिनचं घट्ट होणं अडवतो. त्यावर १० टक्के सोडियम अॅस्कॉर्बेट, म्हणजे क्षाररूपातलं क जीवनसत्त्व, उतारा म्हणून वापरतात. नुसत्या गट्टापर्चा-इपॉक्सीच्या कामात याची इतकी चिंता नाही.

क्लोरहेक्सिडीन हे दुसरं जंतुनाशक हवंच असेल तर हायपोक्लोराइटच्या पाठोपाठ थेट घालू नका. तपकिरी-नारिंगी गाळ बसतो, नळ्या बुजतात आणि दात डागाळतो. मधे सलाइनने धुवा आणि टिपून घ्या.

१०. दोन भेटींच्या मधे पांढरं औषध ठेवतात. ते पूर्ण निघतं का?

कॅल्शियम हायड्रॉक्साइड. टोकाकडून पूर्ण निघणं अवघड, आणि जे उरतं ते सीलर आणि भिंत यांच्या मधे पडदा होतं. ईडीटीए, हायपोक्लोराइट आणि अल्ट्रासॉनिकने (अतिवेगाने थरथरणाऱ्या उपकरणाने) ढवळणं यांनी बरंचसं निघतं. पेशंटने यात काही करायचं नाही, पुढची तारीख मात्र चुकवू नका.

११. माझा पोस्ट कॅपसकट हातात आला! दोनच वर्षं झाली. मटेरियल खराब होतं का?

फायबर पोस्टच्या अपयशाचा हाच सगळ्यात नेहमीचा प्रकार. एका दृष्टीने बरा, कारण मूळ शाबूत राहतं आणि बहुधा पुन्हा बसवता येतं. धातूचा पोस्ट हट्टाने टिकतो आणि कधी मूळच फोडतो. निघालेली वस्तू डबीत घालून आणा, धुऊन घासून नको. तिच्यावर सिमेंट आहे की ती कोरी आहे, यावरून डॉक्टरला कारण कळतं.

डॉक्टर मित्रांसाठी: सिमेंट सगळं पोस्टवर आणि मुळाची भिंत कोरी, तर डेंटिनशी पकड झालीच नव्हती. मी पहिल्यांदा तीन गोष्टी तपासते. पोस्टची जागा करताना गट्टापर्चा आणि सीलरचा गुलाबी लेप भिंतीवर राहिला होता का? भिंगातून बघितल्याशिवाय तो दिसत नाही. सीलर युजेनॉलचा होता का? युजेनॉल रेझिनला घट्ट होऊ देत नाही. आणि सिमेंट वरून थापलं की बारीक नळीच्या टोकाने तळातून वर भरलं? वरून थापलं तर खाली हवेचा बुडबुडा ठरलेला.

या सगळ्याच्या आधी एक: हिरडीच्या वर भोवताली निदान दीड-दोन मिलिमीटर शाबूत दात होता का, ज्याला कॅप मिठी मारेल? नसेल तर सगळा भार चिकटण्यावर येतो, आणि मुळाच्या आत चिकटणं किती भरवशाचं ते प्रश्न ३ मध्ये आलंय. खाली ४ ते ५ मिलिमीटर गट्टापर्चा मात्र पोस्टसाठी कधीही उकरू नये.

१२. एक्स-रेत सिमेंट मुळाच्या बाहेर गेलेलं दिसतंय. जास्त चिकटलं म्हणून का?

चिकटण्याशी संबंध नाही, जास्त दाबलं गेलं. टोकाबाहेर गेलेला सीलरचा ठिपका बहुतेक वेळा काही त्रास देत नाही. काही सीलर शरीर हळूहळू शोषून घेतं, काही वर्षानुवर्षं एक्स-रेत दिसत राहतात. एक अपवाद लक्षात ठेवा: खालच्या दाढेचा रूट कॅनाल झाल्यावर, भुलीचा असर उतरूनही ओठ किंवा हनुवटी बधिर राहिली, किंवा तिथे मुंग्या-आग सुरू झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा. तिथून जबड्याची नस जाते.

१३. कॅप पडून दोन महिने झाले, पण दुखत नाही. आत सिमेंट आहेच ना, मग काय घाई?

नस काढलेली आहे, दुखणार कसं? न दुखणं इथे चांगली बातमी नसते.

१९९० मध्ये तोराबिनेजाद आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या दातांची मुळं रीतसर भरून वरचं तोंड उघडं ठेवलं आणि जंतूंच्या संपर्कात आणलं. एका जातीचे जंतू १९ दिवसांत, दुसऱ्या जातीचे ४२ दिवसांत निम्म्याहून जास्त मुळांतून आरपार गेले. प्रयोगशाळेतली गोष्ट तोंडाला जशीच्या तशी लागू होत नाही, पण दोन महिने म्हणजे किती ते कळावं.

१९९५ मध्ये रे आणि ट्रोप यांनी रूट कॅनाल केलेल्या १,०१० दातांचे एक्स-रे तपासले. आतलं काम आणि वरचं झाकण दोन्ही चांगले, तिथे सुमारे ९१ टक्के दातांच्या टोकाशी सूज नव्हती. दोन्ही वाईट, तिथे १८ टक्के. गंमत मधल्या दोन गटांत आहे: आतलं चांगलं पण झाकण वाईट, ४४ टक्के. आतलं वाईट पण झाकण चांगलं, ६८. नंतरच्या अभ्यासांनी दोन्हींना सारखंच महत्त्व दिलं, पण झाकण दुय्यम आहे असं त्यानंतर कोणी म्हणालं नाही.

थोडक्यात, उद्याची अपॉइंटमेंट घ्या. खूप दिवस उघडा राहिला असेल तर डॉक्टर आतलं कामही पुन्हा करायला सांगतील. त्यात त्यांचा लोभ शोधू नका.

१४. मुलीच्या दुधाच्या दाढेत डॉक्टरांनी वेगळंच मटेरियल भरलं, गट्टापर्चा नाही. स्वस्तातलं भरलं का?

नाही, बरोबर केलं. दुधाच्या दाताचं मूळ खालून येणाऱ्या पक्क्या दातामुळे झिजत जाऊन शेवटी नाहीसं होतं, तेव्हा भरावही त्याच्यासोबत झिजायला हवा. म्हणून झिंक ऑक्साइड-युजेनॉल किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि आयोडोफॉर्मची पेस्ट. इथे चिवट पकड हा दोषच.

१५. मुळाला भोक पडलं किंवा टोक उघडंच असलं तर? तिथे सीलर कसा चिकटणार?

तिथे सीलर नाही, एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड अॅग्रिगेट) नावाचं सिमेंट किंवा त्याचे भाऊबंद. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात तोराबिनेजाद यांनीच (वर १३ मध्ये आलेले) १९९३ मध्ये ते जगापुढे मांडलं. पोर्टलँड सिमेंटच्या जातीचं, ओल्यात घट्ट होणारं. घट्ट व्हायला तीन-एक तास लागतात, म्हणून त्यावर लगेच भार देऊ नये. त्याच्या भाऊबंदांपैकी बायोडेंटिन सुमारे १२ मिनिटांत आवळतं.

लहानपणी पडून समोरच्या दाताची वाढ थांबलेली मुलं येतात तेव्हा मुळाचं टोक बाटलीच्या तोंडासारखं उघडं असतं. तिथे ३ ते ५ मिलिमीटरचं बूच याचंच बसवतात. दोन गोष्टी पकड कमी करतात: रक्त आणि पू-सुजेचं आम्ल वातावरण. म्हणून पू वाहत असताना घाई न करता आधी औषध ठेवून तो थांबवावा. समोरच्या दातात जुनं करडं एमटीए टाळावं. दात काळवंडतो आणि लग्नाच्या फोटोत दिसतो.

१६. पुन्हा रूट कॅनाल करायची वेळ आली तर चांगलं चिकटलेलं मटेरियल अडचण होत नाही का?

होते. गट्टापर्चा उष्णतेने किंवा झायलीन, संत्र्याच्या तेलासारख्या द्रावकाने मऊ होतो, म्हणून दीडशे वर्षांनंतरही तोच गाभ्याला वापरतात. बायोसिरॅमिक द्रावकाला दाद देत नाही. मधे गट्टापर्चाची काडी असेल तर तिच्या वाटेने आत जाता येतं. नुसत्या बायोसिरॅमिकने कालवा भरला असेल, तर मात्र वाट अल्ट्रासॉनिकने कोरावी लागते आणि वाकड्या मुळात कधी कधी शेवटपर्यंत पोचताच येत नाही. म्हणून काडी घालायचा कंटाळा करू नका.

१७. एमडीएसच्या प्रबंधाला पुश-आउट घेऊ का? सगळे घेतात.

सगळे घेतात हेच न घेण्याचं कारण होऊ शकतं. तरी घेणार असाल तर मी केलेल्या चुका करू नका. माझी ढकलणारी दांडी कालव्याच्या मानाने फारच बारीक होती. गट्टापर्चा मऊ, दांडी त्यात रुतली, तो बाजूंना फुगून भिंतीवर दाबला गेला आणि आकडे उगाच वाढले. दांडी भरावाचा बहुतेक भाग झाकेल पण डेंटिनला टेकणार नाही इतकी हवी, आणि वरच्या, मधल्या, टोकाच्या चकत्यांना वेगवेगळ्या मापाची. नुसत्या सीलरची पकड मोजायची असेल तर काही चकत्यांत काडी न घालता फक्त सीलर भरा.

प्रत्येक चकती सुटल्यावर भिंगाखाली बघून लिहा: सीलर भिंतीवरून सुटला, सीलरच मधून तुटला, की दोन्ही. परीक्षक हेच विचारतात. आणि चकत्या वाटेत सुकू देऊ नका. एकदा एसटी घाटात तीन तास अडकली, डबीतलं पाणी सांडलं होतं ते मला कॉलेजात पोचल्यावर कळलं. डेंटिनला तडे गेले होते, बावीस चकत्या फेकल्या.